कातडीचे रोप आणि सीरमचे खत

गेल्या महिन्यातील गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. आमच्या गावातील एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला आले. वय चौऱ्याहत्तर, प्रकृती ठणठणीत. दंडाचा पट्टा सोडताच त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. एक होता त्वचादानाचा फॉर्म, अर्धा भरलेला. दुसरे होते एक कात्रण, प्रयोगशाळेत माणसाची कातडी वाढवतात अशा मजकुराचे.

"डॉक्टरसाहेब, मी मेल्यावर कातडी द्यायची ठरवली होती. पोरगा नको म्हणतोय. त्याचं म्हणणं, अग्नी द्यायला धड शरीर राहणार नाही. आता ही बातमी वाचली. प्रयोगशाळेत कातडी उगवायला लागली असेल तर माझी म्हातारी कातडी कोणाला हवी? आणि यात लिहिलंय की ती वासराच्या रक्तावर वाढवतात. खरं आहे का हे?"

मी म्हटले, "गुरुजी, प्रश्न तीन आहेत आणि बाहेर अजून सात पेशंट बसलेत. फॉर्म तेवढा फाडू नका. उरलेले उत्तर मी लेखात लिहितो."

तेच उत्तर आज त्यांच्या परवानगीने वाचकांपुढे ठेवत आहे.

कातडी नसली तर काय होते?

कातडी म्हणजे शरीराचे वेष्टन, एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात तो शरीराचा एक मोठा अवयव आहे. प्रौढ माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. आतले पाणी व प्रथिने आत राखणे आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवणे ही तिची दोन मुख्य कामे. कातडी जळाली की ही दोन्ही कामे थांबतात. उघड्या जखमेतून पाणी झिरपत राहते, अंगातील ऊब निघून जाते आणि जंतूंना मोकळे रान मिळते.

शिकाऊ डॉक्टर असताना माझी नेमणूक काही काळ जळिताच्या वॉर्डात होती. पंपाचा स्टोव्ह भडकून भाजलेली बावीस-तेवीस वर्षांची एक बाई तिथे दाखल झाली. निम्मे अंग भाजले होते. पहिला आठवडा तिने काढला. सर्जननी तिच्या मांडीची चांगली कातडी पातळ सोलून छातीवर लावली, ती धरलीही. पाठ आणि दोन्ही हात मात्र उघडेच होते आणि कातडी घ्यायला जागा उरली नव्हती. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की ती डोळे मिटून घेई. एकोणिसाव्या दिवशी रक्तात जंतू पसरून ती गेली. तिची चार वर्षांची मुलगी आजीचा पदर धरून बाहेर व्हरांड्यात उभी होती.

त्या बाईला सलाईन, प्रतिजैविके, रक्त, सगळे मिळाले होते. कमी पडली ती कातडी.

दुसऱ्याची कातडी आयुष्यभरासाठी का लावत नाहीत, असा प्रश्न इथे येतो. शरीर परकी कातडी ओळखते आणि काही आठवड्यांत टाकून देते. कायमची धरते ती स्वतःचीच, किंवा एकाच गर्भातून आलेल्या तंतोतंत जुळ्या भावंडाची. स्वतःचीच कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याकडच्या एका पिढीजात वैदूने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्ये छापून आली आणि युरोपातील सर्जन ही शस्त्रक्रिया त्यावरून शिकले.

कपाळाच्या कातडीत नाक भागते, पाठ भागत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला की टपाल तिकिटाएवढी कातडी घेऊन ती बाहेर वाढवता येईल का?

रोपवाटिकेत कातडी

आपल्या कातडीचा वरचा थर सतत झिजतो आणि खालून नवा तयार होतो. साधारण महिनाभरात तो पूर्ण बदलतो. हे काम करणाऱ्या पेशींना केरॅटिनोसाइट म्हणतात. त्या थराच्या तळाशी काही मोजक्या मूळ पेशी असतात. त्यांना बियाणे समजा. त्याखाली जाड, चिवट असा दुसरा थर असतो. त्यात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांना सध्या तण समजा. खरे तर त्यासुद्धा उपयोगी असतात, पण केरॅटिनोसाइट वाढवायला जावे तर बाटलीत यांचेच रान माजते आणि हवे ते पीक मरते.

ही अडचण १९७५ साली अमेरिकेत जेम्स राईनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी सोडवली. त्यांनी बाटलीच्या तळाशी आधी उंदराच्या पेशींचा एक थर पसरला. या पेशींना किरणांचा मारा देऊन त्यांची वाढ थांबवली होती. त्या जिवंत राहतात पण वाढत नाहीत. दाईने दुसऱ्याचे मूल सांभाळावे तशा त्या माणसाच्या पेशींना आधार देतात आणि तणालाही आवर घालतात. वरून पोषक द्रव ओतला. त्या द्रवात वासराचे सीरम होते. पेशींची बेटे तयार झाली, पसरली, एकमेकांना भिडली आणि तळाशी पातळ पडदा तयार झाला.

पुढे हीच पद्धत रुग्णांसाठी वापरली गेली. १९८३ साली अमेरिकेतील वायोमिंग राज्यात पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ अंगाला लागलेला रंग काढताना पेट घेऊन ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. बोस्टनच्या डॉक्टरांनी त्यांच्या अंगावर शिल्लक राहिलेल्या कातडीचे लहान तुकडे घेऊन त्यांपासून पडदे वाढवले आणि दोघांच्याही अंगाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांनी झाकला. दोघेही वाचले. १९८४ साली ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरच्या जळीत वॉर्डांत नवी आशा निर्माण झाली.

दोन-तीन चौरस सेंटिमीटर कातडीपासून एक चौरस मीटरहून मोठा पडदा तयार व्हायला तीन ते चार आठवडे लागतात. आपल्याकडचे टोमॅटोचे रोपही लागवडीला यायला साधारण तेवढेच दिवस घेते. हा योगायोग लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

पेशी वाढवण्याची ही विद्या फक्त परदेशात आहे असेही नाही. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात डॉ. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली डासांच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. डेंग्यूसारख्या रोगांच्या विषाणूंच्या अभ्यासासाठी त्या वंशातील पेशी जगभर वापरल्या जातात. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे तऱ्हेतऱ्हेच्या पेशींचे वाण जपून ठेवले जातात आणि देशातील प्रयोगशाळांना पुरवले जातात.

सीरम म्हणजे नेमके काय?

सीरम हा शब्द आपल्याला पुण्याच्या लस बनवणाऱ्या संस्थेमुळे परिचयाचा आहे. त्यामुळे पुष्कळांना सीरम म्हणजे लस असे वाटते. ते तसे नाही. रक्त साध्या नळीत घेऊन ठेवले की थोड्या वेळाने ते गोठते आणि गाठीच्या वर पिवळसर, नितळ पाणी येते. तेच सीरम. त्यात प्रथिने, क्षार, साखर, संप्रेरके आणि पेशींना वाढायला लावणारी द्रव्ये असतात. ती संस्थाही १९६६ साली सुरू झाली तेव्हा घोड्याच्या रक्तातून औषधी सीरम काढण्याचेच काम करत होती. नाव त्यावरूनच आले.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. होय, हे खरे आहे. पेशी वाढवण्यासाठी जगात सर्वाधिक वापरले जाते ते पोटातल्या वासराचे सीरम. परदेशातील कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेली की तिच्या पोटातील वासराच्या रक्तापासून ते तयार करतात. न जन्मलेल्या जिवाची वाढ वेगाने होत असते, म्हणून त्या सीरममध्ये वाढीची द्रव्ये भरपूर असतात, आणि रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण फार कमी असते. पेशींना ते मानवते. जुन्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सीरम हे शेणखत आहे. त्यात काय काय आहे हे नेमके कोणी सांगू शकत नाही, पण पीक येते.

मग तक्रार कशाची?

पहिली तक्रार शेणखताचीच. प्रत्येक गाडीचे खत वेगळे. सीरमचा एक साठा पेशींना भरभरून वाढवतो, दुसऱ्यावर त्या सुस्तावतात. म्हणून प्रयोगशाळा आधी थोडे वापरून पाहतात आणि चांगला साठा मिळाला की वर्षभराचा राखून ठेवतात. औषध म्हणून माणसाच्या अंगावर लावायच्या वस्तूत अशी अनिश्चितता चालत नाही.

दुसरी तक्रार रोगांची. गुरांचे विषाणू सीरममधून येऊ शकतात. १९८६ साली इंग्लंडमध्ये गाईंचा मेंदू पोखरणारा 'मॅड काऊ' रोग ओळखला गेला आणि तो माणसांनाही होत असावा हे १९९६ साली तिथल्या सरकारने जाहीर केले. त्यानंतर गुरांच्या रक्तापासून बनलेल्या प्रत्येक वस्तूकडे डॉक्टर संशयाने पाहू लागले. सीरम कोणत्या देशातील जनावरांचे आहे याची नोंद काटेकोरपणे होऊ लागली.

तिसरी तक्रार परक्या प्रथिनांची. ती मला आपल्या भागातील अनुभवावरून चटकन समजते. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांचाही वावर आहे. सर्पदंशावरचे औषध घोड्याच्या रक्तापासून तयार होते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात घोणस चावलेल्या एका ऊसतोड मजुराला मी ते सुरू केले. दहा मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाताशी होते म्हणून तो सावरला, आणि उरलेले औषध सावकाश देऊन आम्ही त्याला घोणसाच्या विषातूनही वाचवले. यावरून सर्पदंशाचे औषध घेऊ नये असा अर्थ कृपया काढू नका. विषारी सापाच्या दंशावर दुसरा उपाय नाही आणि उशीर प्राणघातक ठरतो. सांगायचे इतकेच की दुसऱ्या प्राण्याचे प्रथिन शरीराला परके वाटते. वासराच्या सीरमवर वाढवलेल्या कातडीला धुतल्यावरही त्यातील अंश चिकटून राहतात आणि रुग्णाचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते.

चौथी तक्रार मनाची आहे. न जन्मलेल्या वासराचे रक्त वापरणे पुष्कळांना पटत नाही. जगभर प्राण्यांविषयी कळकळ असणारे लोक यावर बोलतात. आपल्या समाजात तर ही भावना किती खोल आहे हे मी सांगायला नको. रुग्णाच्या अंगावर लावायची वस्तू कशावर वाढवली हे त्याला सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे. शिवाय हे सीरम आपल्याकडे बहुतांशी परदेशातून येते आणि महाग पडते.

कोकोपीटचा ट्रे

आता टोमॅटोच्या रोपाकडे येऊ. पूर्वी आपण गादीवाफ्यावर, शेणखत-मातीत रोप टाकायचो. मर रोग यायचा, एका वाफ्यातले रोप जोमदार तर दुसऱ्यातले पिवळे. आज नारायणगावच्या कोणत्याही रोपवाटिकेत जा. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरलेले असते. त्यात स्वतःचा कस जवळजवळ नाही. लागेल ते अन्न पाण्यातून मोजून दिले जाते. काय दिले, किती दिले, कधी दिले हे मालक सांगू शकतो.

सीरमला पर्याय शोधणाऱ्यांनी नेमके हेच केले. सीरममधील कोणती द्रव्ये पेशीला खरोखर लागतात ती एकेक करून ओळखायची आणि तेवढीच मोजून घालायची. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात रिचर्ड हॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडीच्या पेशींसाठी असे मिश्रण तयार केले. त्याला एमसीडीबी १५३ असे नाव आहे. स्टीव्हन बॉइस आणि हॅम यांनी १९८३ साली दाखवून दिले की या मिश्रणात सीरमशिवाय आणि उंदराच्या दाईशिवायही केरॅटिनोसाइट वाढतात.

या मिश्रणात काय असते? अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, साखर, क्षार. शिवाय इन्शुलिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि ईजीएफ नावाचे वाढीचे द्रव्य. अशाच इतर मिश्रणांत लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन आणि सेलेनियमही घालतात. यातील इन्शुलिन माझ्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये आणि हायड्रोकॉर्टिसोन कपाटात कायम असते. ज्या औषधांनी मी मधुमेह आणि दमा सांभाळतो तीच औषधे बाटलीतील कातडीचे खत आहेत, हे वाचून मलाही गंमत वाटली होती.

या संशोधनात एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. कॅल्शियम कमी ठेवले तर कातडीच्या पेशी वाढत राहतात. कॅल्शियम रक्तातल्याइतके झाले की त्या एकमेकींना घट्ट धरतात, थरावर थर रचतात आणि प्रौढ होतात. म्हणजे वाढ थांबते. सीरममध्ये कॅल्शियम भरपूर. शिवाय रक्त गोठताना त्यातील बिंबिकांमधून काही अशी द्रव्ये बाहेर पडतात की जी तणाला वाढवतात आणि केरॅटिनोसाइटला रोखतात. विचार केला तर यात नवल नाही. धडधाकट शरीरात कातडीच्या या पेशींना सीरम कधी भेटतच नाही. त्यांना भेटतो तो पेशींभोवतीचा नितळ द्रव. गोठलेल्या रक्ताचे सीरम भेटते ते फक्त जखम झाल्यावर. म्हणजे वर्षानुवर्षे आपण पेशींना जखमेच्या वातावरणात वाढवत होतो.

म्हणून आता आधी कमी कॅल्शियममध्ये पेशींची संख्या वाढवतात आणि शेवटी कॅल्शियम वाढवून त्यांचा पडदा बांधतात. रोप लावण्याआधी दोन दिवस पाणी तोडून ते काटक करतो, त्यातलाच हा प्रकार.

पर्यायांचे प्रकार

आज वापरात असलेले किंवा अभ्यासले जाणारे पर्याय असे आहेत.

१. सीरम नाही, पण प्राण्याचा अंश आहे. यात गुरांच्या मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क घालतात. पेशी छान वाढतात, पण गुरांचा संबंध तुटत नाही. डब्यावर 'सीरमविरहित' लिहिलेले असले तरी तो 'प्राणीविरहित' असेलच असे नाही, हे जाणकारही कधी कधी विसरतात.

२. पूर्ण मोजूनमापून केलेले मिश्रण. यात प्रत्येक घटक माहीत असतो आणि लागणारी प्रथिने जंतूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतात. आजचे इन्शुलिन असेच बनते, पूर्वी ते गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. सर्वांत स्वच्छ मार्ग हाच, मात्र खर्च जास्त.

३. माणसाचेच सीरम. रुग्णाचे थोडे रक्त आधी घेऊन त्याच्या सीरमवर त्याच्याच पेशी वाढवता येतात. परकेपणाचा प्रश्नच नाही. पण निम्मे अंग भाजलेल्या माणसाकडून रक्त किती घेणार?

४. बिंबिकांचा अर्क. रक्तपेढीत बिंबिकांची पिशवी साधारण पाच दिवस टिकते. मुदत संपलेली पिशवी गोठवून पुन्हा वितळवली की बिंबिका फुटतात आणि वाढीची द्रव्ये बाहेर येतात. एरवी टाकून द्यावी लागणारी ही वस्तू पेशींचे उत्तम खाद्य आहे, विशेषतः फायब्रोब्लास्ट आणि काही मूळ पेशींसाठी. आपण रक्तदान शिबिरात दिलेल्या रक्ताचा असाही उपयोग होऊ शकतो.

५. दुसऱ्या जनावराचे सीरम. यात मराठी माणसाला रस वाटावा अशी एक नोंद आहे. 'इंडियन जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी' या नियतकालिकात २००४ साली परांजपे यांचा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता पोटातल्या वासराच्या सीरमऐवजी शेळीचे सीरम. शेळी आपल्याकडे दारोदारी असते आणि तिचे रक्त मिळणे अवघड नाही. परक्या प्रथिनांचा प्रश्न यातही राहतोच, त्यामुळे रुग्णाच्या अंगावर लावायच्या कातडीपेक्षा प्रयोगशाळेतील कामाला हा मार्ग अधिक योग्य.

मग सगळ्यांनी सीरम सोडून का दिले नाही? कारण मोजून दिलेल्या अन्नावर पेशी लवकर थकण्याचा धोका असतो. बियाणे म्हणजे मूळ पेशी टिकल्या नाहीत तर पडदा दिसायला सुरेख पण लावल्यावर काही आठवड्यांत गळून पडणारा. उंदराची दाई आणि सीरम या जुन्या पद्धतीने बनवलेल्या कातडीचा अनुभव चाळीस वर्षांहून अधिक आहे. सीरियातून जर्मनीत आलेल्या आणि जन्मजात विकाराने कातडी सोलून निघालेल्या सात वर्षांच्या एका मुलाला २०१५ साली सुमारे ८० टक्के अंगावर नवी कातडी बसवली. त्याच्या पेशींतील दोष दुरुस्त करून ती वाढवली होती, तीसुद्धा याच जुन्या पद्धतीने. २०१७ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता. चाललेली गोष्ट सोडताना डॉक्टर कचरतात. तरी दिशा ठरलेली आहे, आणि ती कोकोपीटच्या ट्रेचीच आहे.

तर मग दान कशाला?

गुरुजींचा पहिला प्रश्न हाच होता. त्याचे उत्तर तीन गोष्टींत आहे.

एक, वेळ. कातडी वाढायला तीन ते चार आठवडे लागतात. वॉर्डातील ती बाई एकोणिसाव्या दिवशी गेली. तोपर्यंत जखम झाकायला काहीतरी हवे. दान केलेली कातडी हे काम करते. ती कायमची धरत नाही, पण दोन-तीन आठवडे जंतू बाहेर आणि पाणी आत ठेवते, वेदना कमी करते. तेवढ्यात माणूस सावरतो.

दोन, जमीन. बाटलीत वाढलेला पडदा हा फक्त वरचा थर आहे, कागदासारखा पातळ. खालचा चिवट थर नसेल तर तो घासताच फोड येतात, सुरकुततो, सुटतो. १९८६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. आधी मृत दात्याची कातडी लावायची. ती रुजली की तिचा वरचा, परका थर काढून टाकायचा आणि खालच्या थरावर रुग्णाच्या पेशींचा पडदा अंथरायचा. म्हणजे प्रयोगशाळेतील रोपालासुद्धा दात्याने दिलेली जमीन लागते. कात्रणात हे लिहिलेले नव्हते.

तीन, पैसा आणि पोहोच. वाढवलेली कातडी जगातील मोजक्या ठिकाणी मिळते आणि तिचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा नाही. त्वचापेढी आपल्या आवाक्यात आहे. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे, पुण्यातही आहे.

त्वचादानाविषयी थोडक्यात

- मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते. पुण्याहून आपल्याकडे यायलाच दोन तास जातात. म्हणून त्वचापेढीचा फोन नंबर घरात आधीच लिहून ठेवावा आणि लगेच कळवावे.
- अठरा वर्षांपुढील कोणीही दान करू शकतो. वयाची वरची मर्यादा नाही. म्हातारी कातडीही चालते.
- एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, कातडीचा कर्करोग, कातडीचा किंवा रक्तातील जंतुसंसर्ग असल्यास दान घेत नाहीत.
- रक्तगट जुळावा लागत नाही.
- मांड्या, पाय व पाठ येथील फक्त वरचा अतिशय पातळ थर घेतात. अर्धा-पाऊण तास लागतो. रक्त वाहत नाही. नंतर पट्टी बांधतात. चेहरा, छाती, हात यांना स्पर्श होत नाही. अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे करता येतात.
- ती कातडी ग्लिसरीनमध्ये थंड ठेवली तर पाच वर्षांपर्यंत वापरता येते.
- फॉर्म भरलेला असला तरी शेवटी घरच्यांची संमती लागते. म्हणून हे घरात बोलून ठेवावे.

आणि भाजूच नये म्हणून

गुऱ्हाळाच्या काहिलीजवळ मुले फिरकू देऊ नका. उकळता पाक अंगाला चिकटतो, तो पाण्यासारखा ओघळून जात नाही. अंघोळीचे कढत पाणी बादलीत आधी ओतून मग विसण घेण्याची सवय मोडा, आधी गार पाणी घ्या. कोणी भाजलेच तर वीस मिनिटे भाजलेल्या भागावर नळाचे साधे पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई, हळद यांतले काही लावू नका. अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, स्वच्छ कापड झाका आणि दवाखाना गाठा. रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसह तळव्याएवढी जागा म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का. प्रौढात दहा तळव्यांहून जास्त आणि लहान मुलात त्याहून कमी भाजले असले तरी मोठ्या रुग्णालयातच न्यावे.

गुरुजी परवा पुन्हा आले होते. मी त्यांना हे सगळे तोंडी सांगितले. त्यांनी पेन मागून घेतले आणि माझ्या टेबलावरच फॉर्म पूर्ण केला. फक्त नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी आहे. मुलगा पुण्याला नोकरीला असतो, रविवारी येतो. "माझं बोलणं तो ऐकत नाही, पेपर मात्र वाचतो," असे गुरुजी म्हणाले.

तेव्हा हा लेख त्या मुलासाठीही आहे. बाबा रे, वडिलांच्या शरीराला कोणी विद्रूप करणार नाही. पाठीचा आणि पायांचा कागदाएवढा पापुद्रा जाईल, आणि कुठल्या तरी वॉर्डात एखाद्या लेकराची आई तीन आठवडे तग धरेल. रविवारी आलास की दवाखान्यात ये. शंका असतील त्या विचार. सही करायची की नाही हे त्यानंतर ठरव.

(लेखक नारायणगाव येथे जनरल प्रॅक्टिस करतात.)